‘कधीच न उघडलेली’ पेटी

फर्स्ट इयरला मी मिनी ड्राफ्टर घेतला तो हॉस्टेलमधल्याच एका सीनियरकडून. ‘एकदम कंडिशनमध्ये आहे रे, दोनच शीटला वापरलाय,’ म्हणत त्याने तो माझ्या गळ्यात मारला. तिसऱ्या शीटला कळलं, की त्याचा स्क्रू झिजलाय आणि काटकोन म्हणून जो येतोय तो जेमतेम ८८ अंशांचा आहे. पुढच्या वर्षी मीही तो एका ज्युनियरला विकला. काय सांगून विकला, ते हॉस्टेलच्या वाचकांना वेगळं सांगायला नको!

हा ड्राफ्टर मला परत आठवला तो पार इंग्लंडमध्ये. २०१३-१४ हे एक वर्ष मी एमएससीसाठी तिकडे होतो. तिथे मला एक नाद लागला. (स्टाफरूममधल्यांनी भुवया खाली घ्याव्यात.) नाद जुन्या ब्रिटिश हाय-फाय लाउडस्पीकर्सचा. ते शोधायचे, बघायला जायचं, परवडले तर घ्यायचे, नाही परवडले तर नुसते ऐकून यायचं. या नादात बरंच शिकलो. एक गोष्ट करायला नको होती, तीही केली. आणि त्या सगळ्यातून माझं एक मत झालं, जे मला इथे मांडायचंय.

मत असं, की या बाजारात ‘कधीच उघडलेला नाही’ या शब्दांना जी किंमत मिळते ती चुकीची आहे. जुना स्पीकर उघडून, मोजून, जे सडलंय तेवढंच बदलून, बदललेलं कागदावर लिहून जो माणूस विकायला काढतो, त्याच्या जोडीला जास्त पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात त्याला कमी मिळतात. हे बोललो की या नादातले जाणते लोक माझ्याकडे बघून हसतात. तुम्ही निदान इंजिनियर होणार आहात, तेव्हा ऐकून तरी घ्या.

आधी प्रश्न पडेल, ब्रिटिशच का? जपानी, अमेरिकन, जर्मन स्पीकर नव्हते का? होते की. पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत त्या छोट्याशा बेटावर लाउडस्पीकर या एका वस्तूच्या मागे जेवढी डोकी लागली होती, तशी फार कमी ठिकाणी लागली असतील. आणि ती सगळी मोठ्या कंपन्यांतली नव्हती. वॉर्फडेल सुरू केली ती गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ साली, यॉर्कशायरमधल्या आपल्या घराच्या तळघरात. याच ब्रिग्ज यांनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हजारो लोकांसमोर प्रत्यक्ष वादक आणि त्यांचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ऐकवलं होतं. कल्पना करा, आपल्या ओरलला एक्स्टर्नलसमोर असं धाडस कोण करेल? त्यांना अँप्लिफायरची साथ होती पीटर वॉकर यांची. वॉकर म्हणजे ‘क्वाड’वाले. त्यांनी १९५७ मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला. त्यात कोन नाही, कॉइल नाही. हजारो व्होल्टवर ताणून ठेवलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा हलतो आणि गाणं ऐकू येतं. दिसायला मात्र थंडीतल्या खोलीतल्या हीटरसारखा! तो तब्बल १९८५ पर्यंत बनत होता.

टॅनॉयचं तर काय सांगावं. टँटलम आणि अलॉय ही दोन नावं जोडून हे नाव झालं, आणि तिकडे स्टेशनवरच्या घोषणेच्या भोंग्यालाच लोक ‘टॅनॉय’ म्हणायला लागले. आपल्याकडे वनस्पती तुपाला सर्रास डालडा म्हणतात तसं. १९४७ साली त्यांनी मोठ्या कोनच्या पोटातच ट्वीटर बसवला, म्हणजे सगळा आवाज एकाच बिंदूतून यावा. त्या ड्रायव्हरच्या पिढ्यांना रंगांची नावं आहेत, ब्लॅक, सिल्व्हर, रेड, गोल्ड, आणि रंगागणिक भाव बदलतो. स्पेंडर हे नाव स्पेन्सर ह्यूज आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांच्या नावांचे तुकडे जोडून झालंय. हार्बेथचंही तसंच, हारवुड आणि एलिझाबेथ. ह्यूज आणि हारवुड दोघेही मूळचे बीबीसीच्या संशोधन विभागातले. म्हणजे सरकारी म्हणता येईल अशा नोकरीतून उठून, बायकोच्या नावाने कंपनी काढून स्पीकर बनवणारी ही माणसं. मला तर हे वाचूनच भारी वाटलं होतं.

आता ज्या एका स्पीकरसाठी हा सगळा लेख लिहितोय, त्याकडे येतो. त्याचं नाव एलएस३/५ए. नाव कसलं, आपल्या लॅबच्या डेडस्टॉक रजिस्टरमधला नंबर वाटतो. आणि तो खरोखरच तसाच नंबर आहे. बीबीसीला बाहेरच्या कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंग व्हॅनमध्ये बसून आवाज तपासायला एक छोटा स्पीकर हवा होता. व्हॅनमध्ये मोठा मॉनिटर ठेवायला जागा नाही, आणि हेडफोन लावून मिक्सिंगचा अंदाज नीट येत नाही. त्यांच्या संशोधन विभागाने ध्वनीच्या मॉडेलिंगच्या प्रयोगांसाठी एक छोटी पेटी केलेली होती. तिच्यावरून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा स्पीकर घडवला. साधारण एक फूट उंच, साडेसात इंच रुंद, आत जेमतेम पाच लिटर हवा. आपल्या मेसमधला पाण्याचा जग दोन-तीनदा ओतला तर भरेल एवढी. ड्रायव्हर दोन्ही केईएफ कंपनीचे, खाली बी११० आणि वर टी२७. ट्वीटरभोवती फेल्टच्या पट्ट्या, म्हणजे पेटीच्या कडांवरून आवाज परतून गोंधळ होऊ नये. संवेदनशीलता अवघी ८२-८३ डीबी. आपल्या गॅदरिंगला नेलात तर पहिल्या रांगेतल्या प्रिन्सिपॉल सरांनाही ऐकू येणार नाही. पण लहान खोलीत, चार-पाच फुटांवर बसून माणसाचा आवाज ऐका. बातम्या देणाऱ्या बाईंनी मध्येच आवंढा गिळला तर तोही कळतो.

माझ्या दृष्टीने यातली खरी गंमत आवाजात नाही, व्यवहारात आहे. बीबीसी स्वतः स्पीकर विकत नव्हती. त्यांनी डिझाइन केलं, मापं, टॉलरन्स, प्लायवुड, क्रॉसओव्हर, सगळं लिहून काढलं आणि लायसन्स देऊन टाकली. रॉजर्सने बनवला, चार्टवेलने बनवला, ऑडिओमास्टर, गुडमन्स, स्पेंडर, हार्बेथ, पुढे खुद्द केईएफने. यामागचा विचार सरळ होता. एका व्हॅनमधला डावा स्पीकर बिघडला तर स्टोअरमधून दुसरा आणावा, लावावा आणि काम चालू. तो कुणी बनवलाय याने फरक पडता कामा नये. त्यासाठी क्रॉसओव्हरच्या कॉइलला वेगवेगळ्या ठिकाणी टॅप काढलेले असत. प्रत्येक स्पीकर मोजून, ट्वीटरची पातळी थोडी वर-खाली करून तो ठरलेल्या मापात आणून बसवायचा. तुमच्या मॅन्युफॅक्चरिंगच्या पेपरात इंटरचेंजेबिलिटीवर टीप लिहायला येते ना, तेच. नाव महत्त्वाचं नाही, स्पेसिफिकेशन महत्त्वाचं.

आणि बाजाराने त्याचं काय केलं? बरोबर उलटं! आज एखादी चांगली जुनी जोडी हजार पौंडांच्या पुढेच सुरू होते, आणि ती कितीच्या पुढे जाईल हे ठरतं पुढच्या जाळीवर आणि मागच्या पाटीवर. रॉजर्सची सोनेरी पाटी असेल तर एक भाव, काळी असेल तर दुसरा. चार्टवेल असेल तर आणखी वेगळा. १५ ओहमची जोडी म्हटली की जाणकारांचे डोळे चमकतात, ११ ओहम म्हटलं की मान नकारार्थी हलते. हा ११ ओहमचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. वर्षानुवर्षं उत्पादन चालू असताना ड्रायव्हर हळूहळू मूळ मापापासून सरकत गेले होते. ते लक्षात आल्यावर १९८७च्या सुमारास क्रॉसओव्हर नव्याने केला आणि स्पीकर परत मापात आणला. म्हणजे दुरुस्त केलेला तो ११ ओहम, आणि लोक जास्त पैसे मोजतात सरकलेल्याला! बी११०च्या कोनवरचा लेप काही स्पीकरमध्ये पांढरट दिसतो, त्याला ‘पांढऱ्या पोटाचे’ म्हणून वेगळा मान आहे. सीरियल नंबर लागोपाठचे हवेत, खोकं मूळचं हवं. आणि सगळ्यात वरचढ म्हणजे स्क्रूच्या खाचेवर ओरखडा नको. ओरखडा नाही म्हणजे पेटी उघडलेली नाही.

माझं म्हणणं, जी वस्तू मुळात ‘कुणीही बनवा, मापात बसली की झालं’ या विचाराने जन्माला आली, तिची पाटी बघून किंमत लावणं म्हणजे ती वस्तूच न समजणं. युनिव्हर्सिटीचा पेपर कोणत्या कंपनीच्या पेनाने लिहिलाय ते बघून मार्क द्यावेत तसं. (काही पेपर तपासणारे तसंही करत असावेत, असा माझा जुना संशय आहे. असो.)

बाजार कसा चालतो तेही थोडं सांगतो. तिथे रविवारी सकाळी कुठल्यातरी मैदानात लोक गाड्या ओळीने लावतात, डिक्या उघडतात आणि घरातलं जुनंपानं विकायला मांडतात. तिथे कधीमधी कपबश्या आणि लहान मुलांच्या सायकलींच्या मध्ये एखादी व्हिनिअरची पेटी दिसते. केंटमधल्या टनब्रिज या गावात खास जुन्या ऑडिओचा बाजार भरायचा, तिकडे मी एकदाच गेलो. दरवाजा उघडायच्या आधीपासून लोक रांगेत, हातात टॉर्च. पण बरेचसे स्पीकर जाहिरातीतून घरूनच विकले जातात, आणि जाहिरातीत शेवटी लिहिलेलं असतं, ‘स्वतः येऊन न्यावे.’ कारण कुरियरने पाठवले तर वजनदार मॅग्नेट आतल्या आत सुटतो नाहीतर कोपरा चेपतो. मग रेल्वेने जायचं, अनोळखी माणसाच्या हॉलमध्ये बसायचं, तो चहा देतो, तुम्ही घरून आणलेली सीडी लावता, आणि डोकं वाकडं करून ऐकल्यासारखं करता. चांगला माल मोठ्या प्रमाणात जपान आणि हाँगकाँगकडे जातो, हेही तिथल्या लोकांचं एक दुखणं. टॅनॉयचे ड्रायव्हर तर कितीदा पेटीतून काढून तेवढेच नेतात, आणि मागे राहते ती सुंदर सागवानी रिकामी पेटी. तिचं काय करायचं? एका घरात मी अशा पेटीत मांजर झोपलेलं पाहिलंय.

जाताना खिशात मल्टिमीटर ठेवायचा. स्पीकरच्या टोकांवर डीसी रेझिस्टन्स बघायचा. आठ ओहमचा असेल तर मीटर सहा-सातच्या आसपास दाखवतो. दोन बोटांनी कोन अगदी हलकेच आत ढकलायचा. खरखर लागली तर व्हॉइस कॉइल घासतेय, नमस्कार करून बाहेर पडायचं. फोमची कड असेल तर बोट लावून बघायचं, मधासारखी चिकट किंवा पापडासारखी ठिसूळ लागली तर ती गेली. टॅनॉयचे १९७४ नंतरचे एचपीडी ड्रायव्हर यासाठी बदनाम आहेत. आधीच्या गोल्डला तो त्रास नाही. मग बॅलन्स पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे करून एकच गाणं ऐकायचं. दोन्हीकडे सारखं लागलं पाहिजे. सारखं लागत नसेल तर बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा.

आणि इथेच माझी गोष्ट सुरू होते.

एलएस३/५ए माझ्या स्टायपेंडच्या बाहेरची होती. मी घेतली ती सेलेस्टियनची डिटन १५, चाळीस पौंडांना, एका विधवा आजींकडून. साठच्या दशकातलं मॉडेल, त्या काळात खूप घरांत होतं. तीन गोल दिसतात, पण खालचा गोल फसवा आहे. त्याला कॉइलच नाही, आतल्या हवेच्या दाबाने तो नुसता हलतो आणि खालच्या सुरांना मदत करतो. वरचा ट्वीटर मात्र नामी, एचएफ१३०० नावाचा. हाच ट्वीटर स्पेंडरच्या नावाजलेल्या बीसी१ मध्येही आहे. आजींचे यजमान त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचे म्हणे. मी ती जोडी भाजीच्या ट्रॉलीला दोरीने बांधून ट्रेनने आणली. कंडक्टरने तिकीट बघितलं आणि म्हणाला, आजोबांकडे होते असले.

लावले, तर उजवा स्पीकर कंबल पांघरून गात होता. डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये पेटी उघडली. क्रॉसओव्हरवरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर काढून एलसीआर मीटरवर ठेवले. एकाच जागचे दोन कपॅसिटर, एक डावीकडचा, एक उजवीकडचा, वीस टक्क्यांनी वेगळे. उजव्याचा ईएसआर तर ओहमांत. साहजिक आहे हो, इलेक्ट्रोलायटिक म्हणजे आत ओलसर कागद. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तो सुकणारच. ट्वीटरच्या वाटेत तो फुकटचा रेझिस्टन्स येऊन बसला की वरचे सूर दबणार. चारही कपॅसिटर बदलले. खर्च दहा पौंडांच्या आत. जुने एका पाकिटात घालून ठेवले. मग दोन्हींचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स मोजला. डावा-उजवा एकमेकांवर बसले. त्या रात्री रूमवर कुमार गंधर्व लावले, अगदी हळू, शेजारच्या खोलीतल्या चिनी मुलाने भिंत ठोकू नये म्हणून. त्यानेच येऊन दार ठोकलं, आणि बसून ऐकलं.

सप्टेंबरात परत निघायचं होतं. दोन पेट्या विमानात आणायच्या तर तिकिटापेक्षा सामान महाग. मी जाहिरात दिली. पहिल्या जाहिरातीत खरं ते लिहिलं, कपॅसिटर बदललेत, मोजून बदललेत, ग्राफ दाखवीन. दोन फोन आले. दोघांनी विचारलं, म्हणजे ओरिजिनल नाहीत का? एकाने पन्नास पौंड सांगितले, दुसऱ्याने फोनच ठेवला. आठवडाभराने मी तीच जाहिरात परत दिली, फक्त ते वाक्य काढलं. तीन दिवसांत सात फोन!

घ्यायला आले ते एक निवृत्त गृहस्थ, सत्तरीचे. लग्न झालं तेव्हा त्यांच्याकडे हीच जोडी होती. त्यांनी खिशातून भिंग काढून स्क्रू बघितले. मी स्क्रू फार जपून काढले होते, वर्कशॉपमध्ये शिकलोय ते वाया नाही गेलं. ‘उघडलेले नाहीत ना?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘माझ्या माहितीप्रमाणे नाही.’

माझ्या माहितीप्रमाणे! पेटी उघडणारा मीच. १३० पौंड मोजून घेतले. ते गेले तेव्हा मला तो ८८ अंशांचा ड्राफ्टर आठवला.

दोन महिन्यांनी, मी इथे परत आल्यावर, त्यांची मेल आली. आवाज अप्रतिम आहे, ओरिजिनल ते ओरिजिनल, हल्लीच्या कपॅसिटरमध्ये ती जादू नाही, लोक उगाच बदलतात आणि वाट लावतात. हे त्यांनी माझ्या दहा पौंडांच्या कपॅसिटरमधून आलेला आवाज ऐकून लिहिलं होतं. वाचून मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

आता कुणी म्हणेल, यात त्या बाजाराचा काय दोष? खोटं तू बोललास. बरोबर आहे, ते मी कुणावर ढकलत नाही. पण जिथे खरं बोललं की ८० पौंड कमी मिळतात, तिथे खरं बोलणारे फार दिवस टिकत नाहीत. मग जाहिराती उरतात त्या फक्त ‘कधीच न उघडलेल्या’ पेट्यांच्या, आणि त्यातल्या किती खरंच उघडलेल्या नाहीत हे एक तो स्क्रू जाणे. आणि ज्या खरोखर उघडलेल्या नाहीत त्या तर आणखी वाईट. त्यात पन्नास वर्षांचे सुकलेले कपॅसिटर आहेत. तुम्ही जास्त पैसे देऊन बिघाड विकत घेताय.

समोरच्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, हेही कबूल करतो. उघडणारे सगळे शहाणे नसतात. मी अशी जोडी ऐकलीय, जिच्यात हौशी माणसाने इलेक्ट्रोलायटिक काढून महागडे फिल्म कपॅसिटर घातले होते. व्हॅल्यू तीच, पण फिल्मचा ईएसआर जवळजवळ शून्य. मूळ डिझाइनरने त्या थोड्याशा रेझिस्टन्सचा हिशोब धरलेला असेल तर ट्वीटर एकदम ओरडायला लागतो. तिथे एक छोटा रेझिस्टर सीरीजमध्ये टाकला असता तर भागलं असतं. कुणी ट्वीटरच बदलतं, कुणी एलएस३/५एच्या जाळीचं कापड काढून शोभेचं लावतं. मूळ कापडसुद्धा डिझाइनचा भाग आहे हे त्यांच्या गावी नसतं. आणि बी११० किंवा एचएफ१३०० एकदा जळाला तर मूळचा नवा मिळत नाही, त्यामुळे तो मूळचा असण्याला किंमत हवीच. बीबीसीच्या स्टुडिओत खरोखर वापरलेली, त्यांचा नंबर घातलेली जोडी असेल तर तिला हात लावू नये, ती जागा म्युझियमची, हेही मला मान्य.

पण डिटन १५ म्युझियमची नाही. ती ऐकायची वस्तू आहे. कोन, ट्वीटर, पेटी हे टिकतं, ते ठेवा. इलेक्ट्रोलायटिक आणि फोम हे संपतं, ते बदला. स्कूटरचा टायर मूळचा आहे म्हणून कुणी जास्त पैसे देतं का? आणि बदललं ते लिहा. कधी, काय, किती मायक्रोफॅरड, आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग. एक पान. ते पान पेटीच्या मागच्या फळीला आतून चिकटवा, जुने भाग पिशवीत घालून तिथेच ठेवा. ज्याला परत ‘ओरिजिनल’ करायचंय त्याने खुशाल करावं. घेणाऱ्याने भिंग घेऊन स्क्रू बघण्यापेक्षा ते पान मागावं, आणि पानाचे जास्त पैसे द्यावेत. आज बीबीसीच्या लायसन्सखाली एलएस३/५ए पुन्हा नवे बनतायत. फाल्कन या त्यातल्या एका कंपनीची स्थापनाच मुळी बी११० आणि टी२७ ज्यांनी डिझाइन केले त्या माल्कम जोन्स यांनी केलेली. म्हणजे स्पेसिफिकेशन होतं, लिहिलेलं होतं, म्हणून चाळीस वर्षांनी ते परत बनवता आलं. ज्या कुणाला हा स्पीकर आवडतो त्याने कागदावर लिहिलेल्या चार आकड्यांचा तिटकारा करावा, हे मला काही केल्या समजत नाही.

त्या मेलला मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. असं पंधरा-वीस दिवस चाललं. शेवटी एका रात्री सगळं लिहून टाकलं. पेटी मी उघडली होती, चार कपॅसिटर बदलले होते, ही त्यांची आधीची आणि नंतरची रीडिंग, सोबत ग्राफ. हवं तर ८० पौंड परत पाठवतो, असंही लिहिलं. (पगार सुरू व्हायचा होता. घाबरतच लिहिलं.)

उत्तर यायला महिना लागला. दोनच ओळी होत्या. पैसे नकोत. ते जुने चार कपॅसिटर अजून जवळ असतील तर पाठवून द्यावेत.

होते. पाकीट माझ्या बॅगेतच होतं. पोस्टात रजिस्टर करायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी कस्टम्सचा फॉर्म पुढे केला आणि विचारलं, आत काय आहे, किंमत किती लिहू? मी म्हणालो, खराब झालेले पार्ट आहेत, शून्य लिहा. त्या म्हणाल्या, शून्य चालत नाही, काहीतरी लिहावं लागतं. आम्ही शंभर रुपये लिहिले. ते त्यांनी परत बसवले की पेटीत नुसते ठेवून दिले, मी विचारलं नाही.